करणी कुणाची?

सैतान, नशीब, सिस्टीम की शेजारी? जगात वाईट का घडतं, यावर आपण कॉफीच्या टेबलावर तासन्‌तास बोलतो. भामरागडच्या जंगलात हाच वाद घातला जातो, तेव्हा त्याच्या निकालावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.

शुक्रवारची रात्र. आठवड्याची डेडलाइन कशीबशी पार पडलीय, टेबलावर चार कॉफ्या आणि एक चॉकलेट केक (चमचे चार). कुणीतरी नुकत्याच बघून संपवलेल्या सीरियल किलरच्या सीरिजचा विषय काढतं आणि मग सुरू होतं. माणूस जन्मतःच वाईट असतो की त्याला तसं बनवलं जातं? एक जण जीन्सवर घसरतो. दुसरी म्हणते, बालपण बघ ना त्याचं. तिसऱ्याच्या मते सगळा दोष सिस्टीमचा. आणि चौथा, जो बिल आलं की हमखास फोनवर असतो, तो म्हणतो, “बॉस, सगळे कर्माचे भोग.” बिल येतं, वाद संपतो, सगळे आपापल्या गाडीला किक मारतात. कुणाचं काही बिघडत नाही.

आता हाच वाद उचलून भामरागडला नेऊ.

नागपूरहून निघालात तर साधारण साडेतीनशे किलोमीटर. गडचिरोली मागे पडतं, मग आलापल्ली, मग सागाचं घनदाट जंगल, आणि महाराष्ट्र जवळजवळ संपतो तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमाजवळ भामरागड. पलीकडे छत्तीसगड, अबूझमाड. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमातींची नोंद ‘विशेष असुरक्षित’ अशी आहे, त्यातली ही एक (दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि कोलाम). भाषा द्राविडी कुळातली, म्हणजे आपल्या मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळची. पावसाळ्यात पर्लकोटेच्या बुटक्या पुलावरून पाणी वाहू लागलं की इथला जगाशी संपर्क तुटायचा. एकदा नाही, एकेका पावसाळ्यात कितीतरी वेळा.

आणि याच पावसाळ्यात डास वाढतात.

दोन ‘का?’

समजा, एका पाड्यावर पाच वर्षांचं पोर तापलंय. आधी हुडहुडी, मग अंग भाजेल असा ताप. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते बरळायला लागतं. डोळे फिरवतं, दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखं ताठ होतं, झटके येतात. मग शुद्ध हरपते. कालपर्यंत अंगणात कोंबडीमागे धावणारं पोर.

डॉक्टर याला मेंदूचा मलेरिया म्हणतील. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीचा हा सगळ्यात घातक प्रकार. यात लागण झालेल्या रक्तपेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात आणि रक्ताची वाटच अडवतात. पण वैद्यकशास्त्र क्षणभर बाजूला ठेवा आणि नुसती लक्षणं बघा. बरळणं, डोळे फिरवणं, अंग ताठ होणं... भुताखेतांचे सिनेमे आपणही बघितलेत. हे शरीरात कुणीतरी शिरल्यासारखंच दिसतं! मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न खाताना आपण ज्याला घाबरतो, ते या आईच्या मांडीवर घडत असतं. तिला ‘अंधश्रद्धाळू’ म्हणून मोकळं होण्याआधी एवढं मान्य करायला हवं, की तिनं डोळ्यांनी जे पाहिलं, त्यावरून काढलेला तो अंदाज आहे. चुकीचा आहे, पण येडचाप नाही.

घरचे पुजाऱ्याला बोलावतात. पुजारी म्हणजे नुसता पूजा सांगणारा नव्हे. देवाशी बोलणारा, औषधी मुळ्या जाणणारा, आणि मुख्य म्हणजे ‘हे का झालं?’ या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस. त्याच्याकडे उत्तरं अनेक असतात. गावाच्या पेनचा म्हणजे देवाचा मान राहिला, पूर्वजांचं काही करायचं चुकलं, जंगलातलं काही लागलं. यातली बहुतेक उत्तरं निरुपद्रवी. एखादी कोंबडी, थोडी मोहाची दारू, देवाचा रुसवा निघतो. पोर वाचलं तर देवाची कृपा. खरी पंचाईत होते ती पोर गेलं तर आणि उत्तराला माणसाचं नाव चिकटलं तर. ‘अमकीनं केलं.’ करणी.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली आफ्रिकेतल्या आझांडे लोकांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यातलं धान्याच्या कोठीचं उदाहरण जगभरच्या कॉलेजांत शिकवलं जातं. उन्हापासून बचाव म्हणून माणसं कोठीच्या सावलीत बसतात. कोठी कोसळते, माणसं दबतात. खांब वाळवीनं पोखरला होता हे आझांड्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यांना कुणी वाळवी शिकवायची गरज नाही. त्यांचा प्रश्न पुढचा असतो. कोठी नेमकी तेव्हाच का पडली, जेव्हा खाली नेमका माझा भाऊ बसला होता? पहिल्या ‘का’चं उत्तर वाळवी. दुसऱ्या ‘का’चं उत्तर चेटूक.

भामरागडचा सगळा तिढा या दुसऱ्या ‘का’चा आहे. डॉक्टर सांगेल, डास चावला. अहो, डास तर सगळ्या गावाला चावतात. मग माझंच पोर का?

खरं सांगा, याचं उत्तर तुमच्या-माझ्याकडे तरी आहे का? आपल्यालाही दुसरा ‘का’ छळतोच. फक्त आपली उत्तरं जरा पॉलिश केलेली असतात. प्रमोशन हुकलं की ऑफिसमधली ‘निगेटिव्ह एनर्जी’. नव्या गाडीला लिंबू-मिरची. फ्लॅट घेतल्यापासून कटकटी सुरू झाल्या म्हणून वास्तूवाल्याला बोलावून किचनची दिशा बदलणं, तेही ईएमआय चालू असताना. बाळ रडायचं थांबेना तर मीठ-मोहरीनं दृष्ट काढणं, आणि ‘कुणाची नजर लागली असेल?’ यावर सासू आणि आईचं अगदी एकमत. फरक इतकाच की आपल्याकडे एमबीबीएस, एमडी हाकेच्या अंतरावर आहे. नजर काढून झाल्यावर आपण बाळाला गाडीत घालतो आणि बालरोगतज्ज्ञाकडे जातो. त्यामुळे नजर लावणारीचं नाव शोधायची वेळ आपल्यावर येत नाही.

मे २०२४

१ मे २०२४, महाराष्ट्र दिन. भामरागडला लागून असलेल्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात एक महिला आणि एक पुरुष, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, यांना जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारण्यात आलं. गावातल्या एका लहान मुलाच्या मृत्यूचं खापर त्यांच्यावर फोडलं गेलं होतं. पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली. ही काही बाहेरून आलेली टोळी नव्हती. गावचीच माणसं, आणि अटक झालेल्यांत मृत महिलेच्या घरचेही होते. कुणाचा गुन्हा किती, हा विषय न्यायालयाचा.

बरोबर नऊ दिवसांनी, १० मे २०२४ ला, पुण्याच्या विशेष न्यायालयानं डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्याचा निकाल दिला. दोघांना जन्मठेप, तिघांची सुटका. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. ज्या कायद्यासाठी ते कितीतरी वर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा संमत केला. आपण त्याला सुटसुटीतपणे जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. नाव खरं तर ओळभर लांब आहे आणि त्यात ‘अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा’ असे शब्द आहेत. ‘अनिष्ट’ म्हणजे नेमकं काय, यावरच तर इतकी वर्षं खल चालला होता. उद्या वारीवर बंदी येईल, सत्यनारायणावर येईल, अशी भीती घालणारे कमी नव्हते. शेवटी कायद्यानं फार शहाणपणाची वाट धरली. श्रद्धेची व्याख्या करायच्या फंदात न पडता, काय केलं तर गुन्हा, याची एक यादी जोडली. अमका करणी करतो, त्याच्यामुळे रोगराई येते, असं पसरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

म्हणजे कायदा म्हणतो, तुम्ही भुताला माना, न माना, आम्हाला देणंघेणं नाही. भुताला शेजारणीचं नाव द्याल, तर खबरदार.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी (खुर्द) गावात, २१ ऑगस्ट २०२१ ला दलित कुटुंबांतल्या सात जणांना भानामतीच्या संशयावरून चौकात बांधून मारहाण झाली. त्यात म्हातारी माणसं होती, बायका होत्या. तेव्हा हा काही फक्त माडियांचा, फक्त घनदाट जंगलाचा ‘प्रॉब्लेम’ आहे, असं समजायचं कारण नाही.

जाता जाता तारखांची एक गंमत. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉसनं सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं ते सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी. भामरागडहून गोदावरी ओलांडून तेलंगणात उतरलात की सिकंदराबाद तुमच्या वाटेवर. २० ऑगस्टला जग ‘डास दिन’ पाळतं. दाभोलकरांची हत्याही २० ऑगस्टची, आणि वणीची घटना त्याच्या दुसऱ्या दिवसाची. वाचताना अंगावर काटा आला ना? काहीतरी ‘संकेत’ आहे असं वाटलं ना? नाहीये. वर्षाला ३६५ दिवस आहेत आणि घटना लाखो, काही एकमेकींवर पडणारच. पण तुम्हाला आत्ता जी शिरशिरी आली, नेमकी तीच पोर गेलेल्या घरात येते. परवा ती म्हातारी दारावरून गेली होती, पोराकडे बघून काहीतरी पुटपुटली होती, आणि काल पोर गेलं...

जगदलपूरच्या कागदपत्रांत

इंद्रावतीच्या पलीकडचा बस्तर म्हणजे माडियांच्या भाऊबंदांचाच मुलूख. १९४३ साली व्हेरिअर एल्विन यांनी तिथल्या मारिया लोकांवर एक विलक्षण पुस्तक काढलं, ‘मारिया मर्डर अँड स्युसाइड’. एल्विन म्हणजे ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, मिशनरी म्हणून भारतात आलेला आणि मिशन सोडून आदिवासींमध्येच राहिलेला माणूस. खुनाच्या शंभर आणि आत्महत्यांच्या पन्नास प्रकरणांचा त्यांनी अभ्यास केला. साहेबाच्या राज्यात आदिवासी खुनी एक तर ‘रानटी’ ठरायचा, नाही तर ‘निष्पाप लेकरू’. एल्विन यांनी दोन्ही बाजूला ठेवलं आणि प्रत्येक खुनामागे कारण काय होतं ते शोधलं. भांडण जमिनीचं होतं का, बायकोवरचा संशय होता, दारू होती, थकवा होता, अपमान होता, की चेटकाची भीती? निघाली ती तीच कारणं, जी मुंबई-पुण्याच्या पोलीस ठाण्यातल्या डायरीत सापडतील. चेटूक तेवढं जास्तीचं.

मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. त्यात राक्षस कुणीच नाही. चेटकिणीला मारणारा माणूस स्वतःला वाईट समजत नाही, तो स्वतःला गावाचा रक्षक समजतो. त्याच्या हिशेबात त्यानं एका वाईटाचा बंदोबस्त केलेला असतो. जेरुसलेममध्ये १९६१ साली नाझी अधिकारी आइशमन याच्यावर खटला चालला. तो जवळून पाहणारी हाना आरेन्ट चक्रावली ती एवढ्याचसाठी, की समोरच्या काचेच्या पेटीत सैतान नव्हता, एक सामान्य, नियम पाळणारा कारकून होता. तिनं १९६३ च्या पुस्तकात दुष्टपणाच्या या सपक सामान्यपणाबद्दल लिहिलं आणि तिच्यावर चहूबाजूंनी टीकेची झोड उठली. लोकांना सैतानच हवा होता. सामान्य माणूस परवडत नाही, कारण मग संशय आपल्यावरही येतो.

(दारूचंही असंच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. सगळ्या वाईटाचं मूळ दारू म्हणणारे आणि मोहाशिवाय आमचा देवही जेवत नाही म्हणणारे, यांचा वाद हा एका स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे.)

दुसरा शिक्का

भामरागडात करणीइतकाच जीवघेणा आणखी एक शब्द आहे. खबऱ्या.

१९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून आंध्रातून नक्षलवादी दलम या भागात शिरले. तेंदूपत्त्याची मजुरी कवडीमोल होती, वनखात्याच्या लोकांचा जाच होता. त्यामुळे सुरुवातीला त्यांना माणसं मिळाली, हे त्यांचे कट्टर विरोधकही मान्य करतात. वाईटाचं कारण कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. ठेकेदार, साहेब, सरकार. सरकारकडेही उत्तर तयार होतं, नक्षलवादी. चाळीस वर्षं शहरातल्या चर्चासत्रांत हाच वाद रंगला. हिंसेचं मूळ अन्यायात आहे की विचारसरणीत? दोन्ही बाजूंना टाळ्या पडायच्या. आणि मधल्या माडियाला रात्री दलमला भात घातला म्हणून सकाळी पोलिसांना उत्तर द्यावं लागायचं. सकाळी पोलिसांशी बोलला म्हणून रात्री दलमला.

२२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यात कसनासूर-बोरियाच्या जंगलात मोठी चकमक झाली. त्या दोन दिवसांत मिळून ४० नक्षलवादी मारले गेल्याचं पोलिसांनी सांगितलं, मानवाधिकार कार्यकर्त्यांनी चकमकीवर प्रश्न उभे केले. मग प्रश्न आला तो नेहमीचा. पोलिसांना ठावठिकाणा कळला कसा? म्हणजे दुसरा ‘का’ इथेही आलाच! जंगलात पोलिसांची पथकं सतत फिरत असतात, गाठ पडू शकते, हे उत्तर पुरेना. कुणीतरी केलं असणार. जानेवारी २०१९ मध्ये कसनासूरच्या तीन गावकऱ्यांचे मृतदेह कोसफुंडी फाट्यावर टाकलेले सापडले. खबरे असल्याचा ठपका ठेवून नक्षलवाद्यांनी त्यांना ठार केलं होतं.

देव न मानणाऱ्या, शास्त्रीय समाजवादाची भाषा बोलणाऱ्या चळवळीचा हा न्याय आणि पुजाऱ्याच्या कौलावर पेटलेल्या गावाचा न्याय शेजारी शेजारी ठेवून बघा. आरोप गुप्त कृत्याचा. करणी कुणी करताना पाहिलेलं नसतं, खबर देतानाही पाहिलेलं नसतं. पुरावा म्हणजे घडलेलं वाईट, तेवढंच. पोर मेलं, म्हणजे करणी झाली. दलम मारलं गेलं, म्हणजे खबर गेली. नाकारलं तर खोटं बोलतो, गप्प राहिलं तर कबूल आहे. आणि नाव निघतं ते नेहमी अशाचं, ज्याच्या बाजूनं उभं राहायला कुणी नाही. विधवा, वाटणीवरून भांडलेला भाऊ, पोलीस ठाण्याजवळ चहा प्यायलेला पोरगा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. फोटो सगळ्यांनी पाहिले. दलम ओसरले. ज्यांची नावं ‘खबऱ्या’ म्हणून भिंतीवरच्या पत्रकात छापली गेली होती, त्यांच्या घरच्यांना मात्र आजही कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही, की तुमचा माणूस निर्दोष होता.

मीटर उलटा फिरवणारे

आता या सगळ्यातून वाट कशी निघते? भाषणानं निघते असा अनुभव नाही.

भामरागडपासून तीनेक किलोमीटरवर हेमलकसा आहे. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. नागपूरहून डॉक्टरकी शिकून आलेलं नवं जोडपं. वीज नाही, धड रस्ता नाही, आणि पेशंट तर नाहीतच, कारण कपडे घातलेला अनोळखी माणूस दिसला की माडिया जंगलात पळायचे. पळणारच. आजवर असा जो कुणी आला, तो काही ना काही काढून घ्यायलाच आला होता. माडियांच्या नजरेतून वाईटाचा चेहरा म्हणजे आपण!

आमट्यांनी भर दिला तो उपचारावर, उपदेशावर नाही. भाषा शिकले, थांबले. मलेरिया, क्षय, भाजलेले, अस्वलानं फाडलेले. बरा झालेला माणूस आपल्या पायांनी गावात परत गेला की तो एकच माणूस शंभर पत्रकांचं काम करायचा. हळूहळू लोक दवाखान्यात यायला लागले, चार-चार दिवस चालत, खाटेची कावड करून. पुजारी संपला का? नाही. पण क्रम बदलायला लागला. आधी पुजारी आणि मेल्यावर चर्चा, याऐवजी पुजारीही आणि डॉक्टरही. दोघांना २००८ साली मॅगसेसे मिळालं तेव्हा आपल्या पेपरांनी त्यांच्या बिबट्यांचे फोटो छापले. फोटोजेनिक होते, मान्य. खरी बातमी त्या क्रमाची होती.

गडचिरोली जिल्ह्यातच, पण भामरागडपासून बरंच उत्तरेला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांच्या बाबतीत याच्या एक पाऊल पुढचं काम केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास मोजायचा, ताप बघायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडली तर घरातच इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हे केलं आणि तीन वर्षांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि जगानं त्याची दखल घेतली. आकड्याकडे आपण डॉक्टरच्या नजरेनं बघतो. जरा वेगळ्या नजरेनं बघा. जी बाळं गेली नाहीत, त्यांच्यासाठी कुणाचं नाव घ्यायची वेळच आली नाही. करणीचे किती आरोप जन्माला यायच्या आधीच विरले, याची मोजदाद कुठल्याच जर्नलमध्ये नसते.

मेळघाटात तर भुमकांनाच, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंना, पेशंट दवाखान्यात आणल्याबद्दल मानधन द्यायचा प्रयोग झाला. शहरी विवेकवादी मित्रांना हे रुचत नाही. मांत्रिकाला सरकारी पैसे? मला विचाराल तर पैसे सत्कारणी लागले. ज्याच्या शब्दावर गाव एखादीला मारायला उठू शकतं, त्याच्याच शब्दावर गाव अँब्युलन्समध्ये बसणार असेल, तर तो शब्द आपल्या बाजूला हवा.

एक शंका मात्र उरतेच, आणि ती आमट्यांचं किंवा बंगांचं काम कमी लेखायला नाही. औषध पहिल्या ‘का’ला मारतं. दुसरा ‘का’ मरत नाही. मलेरिया झालेली सगळीच पोरं वाचणार नाहीत. रस्ते झाले, टॉवर आले तरी कुणाच्या तरी घरात ती रात्र येणारच. शिवाय टॉवरबरोबर व्हॉट्सअॅपही आलंय. मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं गेलं, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ ला. तिथे पुजारी नव्हता, कौल नव्हता. होता तो मोबाइलवर फिरलेला मेसेज. बारसेवाड्यात आणि राईनपाड्यात काय सारखं होतं, हे आता सांगायला नको.

सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, १२९० साली, नेवाशाला एका तरुणानं गीतेवरची टीका पुरी केली आणि शेवटी देवाकडे मागणं मागितलं. त्याचं वय तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा कमी होतं. पसायदान आपण शाळेत रांगेत उभं राहून, डोळे किलकिले करत म्हटलंय. त्यात दुष्टांचा नाश कर असं कुठे आलंय का, आठवून बघा. ज्ञानेश्वर मागतात ते दुष्टांच्या मनातला वाकडेपणा जावा, एवढंच. माणूस राहू दे. वाईटाची गाठ माणसापासून सोडवायची ही युक्ती आपल्याला पाठ आहे. आता ‘आपल्याला’ म्हणजे मराठी शाळेत गेलेल्यांना. माडिया पोरं त्यांना न समजणाऱ्या भाषेत ते पाठ करतात, हा आणखी एक वेगळा विषय.

आता पुन्हा त्या पाड्यावर. पोर तापलंय, पाऊस लागलाय. गावात आशा कार्यकर्ती आहे आणि तिच्या पिशवीत मलेरियाची किट. पोराच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा एक थेंब, त्यावर द्रावाचे थेंब, आणि मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर मलेरिया नाही, आणखी उमटली तर आहे, आणि गोळ्या पिशवीतच असतात. ही पंधरा मिनिटं मोठी विचित्र. आई पट्टीकडे बघत असते, बाप दारात, आजूबाजूची चार माणसं पडवीत. पुजारीही येऊन बसलेला असतो. त्याला कुणी उठवत नाही. तोही वाकून पट्टीकडे बघतो.